अण्णांची अक्षरं व्हेक्टरमध्ये आणायची आहेत – पेन टूल कुठून शिकू?

रेघोटी | ७ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इथं मी फक्त वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आमचे अण्णा कराडात पेंटर होते. भिंती रंगवणारे नव्हे, बोर्डावर अक्षरं काढणारे. फ्लेक्स आले आणि कामं आटली. आता हात थरथरतो, त्यामुळे ब्रश डब्यातच आहे. चुलतभावाच्या गिरणीवर त्यांनी १९८९ मध्ये पत्र्यावर रंगवलेला ‘पीठ गिरणी’ असा बोर्ड आहे. पत्रा गंजून खाली यायला झालाय. भाऊ म्हणाला, तीनशे रुपयांचा फ्लेक्स लावून टाकतो. मी त्याला थांबवलं. बोर्ड नवा कर, पण अक्षरं अण्णांचीच राहू देत म्हटलं.

मोबाइलवर फोटो काढून रेडियमच्या दुकानात गेले. तो म्हणाला, “मॅडम, जेपीजीवर मशीन चालत नाही. व्हेक्टर पाहिजे. कोरलमध्ये करून आणा.”

व्हेक्टर म्हणजे ठिपक्यांऐवजी कडांच्या रेघांनी साठवलेलं चित्र, एवढं कळलं. ते काढायचं कोरल सॉफ्टवेअर माझ्याकडे नाही. तसलंच इंकस्केप फुकट मिळतं म्हणून ते घेतलं. त्यात फोटोवरून आपोआप कडा काढणारी ‘ट्रेस बिटमॅप’ नावाची सोय सापडली, ती चालवली आणि दोन मिनिटं फार हुशार असल्यासारखं वाटलं. मग मोठं करून पाहिलं. कडा उंदरांनी कुरतडल्यासारख्या. गंजाचे डागसुद्धा अक्षराचा भाग झालेले. नुसत्या ‘ठ’ला २१४ नोड, म्हणजे कडेवरचे ठिपके!

मी अकाउंट्समध्ये आहे, चित्रकलेत शाळेतही काठावर पास. हे पेन टूलनं, म्हणजे एकेक नोड टाकत, हातानं काढता येईल का? सुरुवात कुठून करू?

---

चहाबाज | ७ जून, रात्री ९.५२

एआयला सांगा की. आजकाल कोण नोड मोजत बसतंय.

---

बाराखडी | ७ जून, रात्री १०.३१

@चहाबाज, मी सांगून पाहिलंय. ‘गिरणी’ची ‘गीराण’ झाली होती, आणि ‘ण’ला तीन पाय.

रेघोटी, काठावर पास असलात तरी अडत नाही. इथं हात नाही, नजर लागते. ट्रेसला मात्र आज रजा द्या. त्याला ‘ठ’ माहीत नसतो, त्याला काळं कुठं संपतं आणि पांढरं कुठं सुरू होतं तेवढंच दिसतं. गंज, सावली, पोपडा, सगळं त्याच्या लेखी अक्षरच.

पहिला गृहपाठ: इंकस्केपमध्ये कंट्रोल दाबून एक वर्तुळ काढा. मग कंट्रोल-शिफ्ट-सी, म्हणजे त्याचा पाथ, नोडांनी बनलेली कड, होईल. आता एन दाबून नोड टूल घ्या आणि मोजा. अख्ख्या वर्तुळाला नोड फक्त चार: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक नोडला दोन हँडल, म्हणजे ओढून वळण बदलायच्या काड्या, आणि त्यांची लांबी त्रिज्येच्या साधारण ०.५५ पट. एवढ्यावर ते इतकं गोल दिसतं की डोळ्याला फरक कळत नाही. (गणितानं ते पक्कं वर्तुळ नसतंच, पण रेडियमवाल्याला सांगू नका.)

आता विचार करा, चार नोडांत वर्तुळ होतं तर ‘ठ’ला २१४ कशाला?

नियम म्हणाल तर एकच लक्षात ठेवा. वळण जिथं सगळ्यात वर, सगळ्यात खाली, सगळ्यात डावीकडे किंवा सगळ्यात उजवीकडे पोचतं तिथं नोड, आणि तिथली हँडलं सरळ आडवी किंवा सरळ उभी. ओढताना कंट्रोल धरलात की ती १५-१५ अंशांवर अडकतात, म्हणजे आडवं-उभं आपोआप साधतं. जिथं टोक आहे तिथं अर्थातच कोपऱ्याचा नोड. मध्ये कुठं नोड टाकावासा वाटला तर आधी हँडल लांब करून पाहा. दहातल्या नऊ वेळा नोड लागत नाही.

---

आज्ञाधारक | ८ जून, सकाळी ८.०५

मीही शिकतोय म्हणून विचारतो. इंकस्केपवर शिकून पुढं इलस्ट्रेटर किंवा कोरल घेतलं तर सगळं पहिल्यापासून का? आणि पेन टॅबलेट घ्यावा लागेल का?

---

बाराखडी | ८ जून, सकाळी ९.१८

नाही आणि नाही.

इलस्ट्रेटर १९८७चं, कोरलड्रॉ १९८९चं, इंकस्केप २००३चं. तिन्हींत वक्र तोच, बेझिए. हे गणित मोटारींच्या कारखान्यांतून आलंय: गाडीचा पत्रा कसा वळवायचा ते यंत्राला सांगण्यासाठी. रेनोमध्ये पिएर बेझिए आणि सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो, दोघं वेगवेगळे एकाच ठिकाणी पोचले. कास्तेल्जो आधी पोचले होते, १९५९ मध्ये, पण त्यांच्या कंपनीनं ते गुपित ठेवलं, म्हणून नाव लागलं बेझिएचं. तेव्हा शॉर्टकट बदलतील, बोटं आठवडाभर चुकतील, पण नोड कुठं टाकायचा ही समज सोबत येते.

टॅबलेट रंगवण्यासाठी घ्या, क्रितासारख्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रशनं चित्र करायचं असेल तर. पेन टूलला साधा माउस बरा. नाव पेन असलं तरी काम खुंट्या ठोकायचं आहे.

---

शाईचा_डाग | ८ जून, दुपारी १.४४

दोन गोष्टी, ज्या मला कुणी सांगितल्या नाहीत आणि मी महिनाभर वाया घालवला.

एक. नवखा माणूस अक्षराच्या मधोमध रेघ ओढतो आणि तिची जाडी वाढवतो. मोबाइलच्या चार्जरची वायर वळवून ठेवल्यासारखं अक्षर होतं, सगळीकडे सारखं जाड. पेंटरचा चपटा ब्रश वळताना बारीक होतो, उतरताना फुगतो. म्हणून मधली रेघ नाही, बाहेरची कड काढायची. ‘ठ’ म्हणजे बाहेरचा आकार आणि आतलं भोक असे दोन पाथ, मग ते एकत्र करायचे म्हणजे भोक उघडं पडतं.

दोन. कॅलिग्राफी टूलच्या मोहात पडलात तर त्याचा कोन बघा. मुळात तो ३० असतो, तो रोमन अक्षरांचा. आपला बोरू रोमनच्या उलट तिरका कापतात, म्हणून जाड-बारीकही उलट पडतं. कोन उणे ४०च्या आसपास नेऊन पाहा, तीच रेघ एकदम मराठी वाटायला लागते. बोर्डाच्या कामाला हे टूल नको, पण दहा मिनिटं खेळा म्हणजे ब्रश कुठं का फुगला ते कळेल.

फोटो कुठून काढलाय? रस्त्यावरून मान वर करून काढला असेल तर अक्षरं वरच्या बाजूला निमुळती झालेली असणार.

---

रेघोटी | ८ जून, रात्री १०.१२

रस्त्यावरूनच काढलाय :( आणि हो, वर निमुळतं आहे. मला वाटलं अण्णांनीच तसं काढलंय!

---

शाईचा_डाग | ८ जून, रात्री १०.२०

अण्णांवर आळ घेऊ नका. समोरच्या इमारतीच्या जिन्यातून, बोर्डाच्या उंचीवरून, लांबून झूम करून काढा. तरी थोडं तिरकं राहिलं तर गिंप या फोटोच्या सॉफ्टवेअरमधल्या पर्स्पेक्टिव्ह टूलनं पत्र्याचे चार कोपरे काटकोनात आणा. पत्रा चौकोनी आहे हे आपल्याला माहीत आहे, तोच आपला गुण्या. मग फोटो वेगळ्या लेयरवर, फिकट करून, कुलूप लावून ठेवा. कुलूप विसरलात तर फोटो सरकेल आणि तुम्ही अर्धी रात्र चुकीच्या जागी नोड टाकत बसाल. अनुभव आहे.

---

रेडियमवाला_सोलापूर | ९ जून, सकाळी ११.३०

आमच्या धंद्यातला विषय निघाला म्हणून लिहितो. बावीस वर्षं कटिंग करतोय.

ताई, मशीनला रंग दिसत नाही, जाडी दिसत नाही. त्याला फक्त कड दिसते आणि त्या कडेवरून सुरी फिरते. म्हणून सगळ्यात मोठी चूक लोक कुठं करतात सांगतो: शिरोरेषा वेगळी काढतात आणि खाली अक्षरं चिकटवतात. पडद्यावर सगळं काळं, छान दिसतं. मशीनवर घातलं की शिरोरेषेची खालची कड अक्षराच्या आरपार कापली जाते. सोलताना शिरोरेषा एकीकडे, ‘प’ एकीकडे. आमच्याकडे आठवड्याला एक तरी अशी फाइल येते. आधी सगळं जोडून एकच आकार करायचा. त्याला कोरलमध्ये वेल्ड म्हणतात, तुमच्या इंकस्केपमध्ये युनियन, कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह. सगळं एकजीव झालं का बघायचं असेल तर आऊटलाइन व्ह्यू लावा. आत एकही फालतू रेघ दिसता कामा नये.

नोड जास्त असले की सुरी अडखळत चालते, वळणावर दाते पडतात. ट्रेस केलेली फाइल आणि हातानं काढलेली फाइल मशीनच्या आवाजावरून ओळखतो मी.

पाठवताना पीडीएफ द्या. सीडीआर, म्हणजे कोरलची फाइल, इंकस्केपमधून निघत नाही, आणि इंकस्केपची एसव्हीजी उघडताना माप बदललेलं मी बऱ्याचदा पाहिलंय. दुकानात बसून रुंदी इंचात मोजून घ्या.

अण्णांच्या कामाला नमस्कार. आम्ही आलो म्हणून त्यांची कामं गेली, हेही माहीत आहे.

---

रेघोटी | ९ जून, रात्री ९.०२

दादा, तुमचं शेवटचं वाक्य अण्णांना वाचून दाखवलं. म्हणाले, “त्याला सांग, तुझा काय दोष. आणि म्हणावं, स्टिकर चिकटवताना फुगे येऊ देऊ नको.”

---

रेघोटी | २२ जून, रात्री ११.१५

प्रगतिपुस्तक.

‘ठ’ झाला. बाहेर आणि आत मिळून १४ नोड. आतलं भोक मी आधी गोल गरगरीत केलं आणि ते परकं दिसायला लागलं. फोटो नीट पाहिला तर भोक गोल नाहीच, खाली डावीकडे जरा झुकलेलं आहे. चारपैकी एकच नोड सरकवला आणि एकदम अण्णांचा ‘ठ’ झाला. घरात ओरडलेच मी.

‘प’ आणि ‘र’ जमले. ‘र’ची शेपटी तीन वेळा केली. ‘ग’चा छोटा वळसा अजून साबुदाण्याच्या वड्यासारखा दिसतो, त्याला आठवडा लागेल.

बिनकामाचा नोड उडवला की आकार फारसा बिघडत नाही, इंकस्केप हँडलं सांभाळून घेतं. त्यामुळे भीती गेली. आपोआप नोड कमी करणारं कंट्रोल-एल मात्र जपून वापरा, त्यानं माझ्या ‘प’चे कोपरे गुळगुळीत करून टाकले.

आता अडलंय वेलांटीशी. ‘पी’ आणि ‘णी’, दोन्हींना दीर्घ वेलांटी. एक काढून दुसरीकडे कॉपी करू का? फोटोत दोन्ही सारख्या नाहीत.

---

आज्ञाधारक | २३ जून, सकाळी ७.५०

कॉपीच करा. सॉफ्टवेअरचा फायदा तोच ना?

---

बाराखडी | २३ जून, सकाळी १०.०६

फॉन्ट करत असतात तर मीही कॉपी म्हटलं असतं. फॉन्टमध्ये वेलांटीला कुठल्याही अक्षराशेजारी बसावं लागतं. बोर्डावरची वेलांटी तशी नसते, तिला शेजारी कोण आहे ते ठाऊक असतं. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावं आठवा. तिथं प्रत्येक अक्षर शेजारच्याकडे बघून वळतं, म्हणून ती टाइप करता येत नाहीत.

तुम्हाला पत्र्यावरचा अण्णांचा दिवस नोंदवायचा आहे की त्यांच्या हाताची नीटनेटकी आवृत्ती? पहिलं असेल तर दोन्ही वेगळ्या काढा.

---

शाईचा_डाग | २३ जून, दुपारी २.३३

माझं मत थोडं वेगळं. दोन वेलांट्यांतला फरक मुद्दाम केलेला असेल तर ठेवा. शिडीवर उन्हात दुसरी वेलांटी जरा घसरली असेल, तर त्या घसरण्याची पूजा कशाला? घसरणं आणि ठरवणं यांत फरक आहे आणि तो तुम्हाला फोटोत कळणार नाही. ज्यानं काढलं त्याला विचारा, घरातच आहेत.

---

मठ्ठ_मुलगा | २३ जून, दुपारी ३.१०

मध्येच विचारतो. अक्षरांची घडण समजावी म्हणून मी मुक्ता फॉन्टमध्ये ‘ग’ टाइप करून पाथ केला आणि नोड बघितले. हा फॉन्ट मुंबईच्या एक टाइपचा, खुल्या परवान्याचा, म्हणून असं उघडून बघायला हरकत नाही असं वाचलं. पण त्यात तर वळणावळणावर नोड आहेत! मग बाराखडींचा चार नोडांचा नियम मोडला की.

---

बाराखडी | २३ जून, दुपारी ३.४१

शाब्बास, उघडून बघितलंत हेच खरं शिकणं. नियम मोडलेला नाही, वक्र वेगळा आहे. तुमची फाइल टीटीएफ, म्हणजे ट्रूटाइप फॉन्टची, असणार. त्यातल्या वक्राच्या तुकड्याला एकच नियंत्रण बिंदू असतो, आपल्या पेन टूलच्या वक्राला दोन. एका हातानं वळवायचं तर जास्त वेळा धरावं लागतं, म्हणून नोड जास्त. घडण बघा, नोडांची संख्या नका बघू.

---

रेघोटी | २९ जून, रात्री १०.४८

शाईचा_डाग यांचं ऐकलं. शनिवारी कराडला गेले, लॅपटॉप अण्णांसमोर ठेवला आणि दोन्ही वेलांट्या दाखवल्या.

आधी चष्मा शोधण्यात पंधरा मिनिटं गेली. मग बघतच राहिले. “ही ‘णी’ची बरोबर हाय. ‘पी’ची मी आखूड केली, कारण वर खिळा होता.” ३६ वर्षांपूर्वीचा खिळा! मी फोटो मोठा केला. खिळ्याचं भोक खरंच आहे, गंजात लपलेलं.

मग त्यांनी विचारलं, हे ठिपके कसले. मी नोड आणि हँडल समजावलं. ते उठून आतून एक गुंडाळी घेऊन आले. ट्रेसिंग पेपर, पिवळा पडलेला, अक्षरांच्या कडेनं टाचणीनं भोकं पाडलेली. एकच नाव चार ठिकाणी रंगवायचं असलं की हा कागद पत्र्यावर धरायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर थोपटायची. भोकांतून ठिपके उमटतात, मग ब्रशनं जोडायचे. त्यांची भोकं सरळ रेघेवर लांब लांब आणि वळणावर दाट. मी म्हटलं, अण्णा, आमच्यात उलटं आहे, वळणावर दाट ठिपके टाकले की बिघडतं. ते हँडल ओढून बघायला लागले, थरथरत्या हातानं माउस धरून. थोड्या वेळानं म्हणाले, “म्हंजे वळण ठिपक्यात न्हाई, या काडीत हाय. आमचं ते मनगटात होतं.”

‘ग’चा वळसा त्यांनीच सांगितला. मी तो आतून बाहेर काढत होते, ब्रश बाहेरून आत आला होता. कुठल्या बाजूनं आला ते कळल्यावर दोन हँडलं फिरवली आणि वडा संपला.

मग ठरलं: ‘पी’ची वेलांटी लांब करायची. नव्या पत्र्याला तिथं खिळा नाही.

---

चहाबाज | २९ जून, रात्री ११.०१

एआयबद्दलचे शब्द मागे घेतो. त्याला खिळा कुठून माहीत असणार.

---

रेडियमवाला_सोलापूर | ३० जून, सकाळी १०.१५

फाइल मशीनवर जाण्याआधी अजून एक करा ताई. नुसतं ‘ठ’ तीन इंची कापून घ्या, कुठल्याही उरलेल्या तुकड्यावर. दुकानदार दहा-वीस रुपयांत देईल. भोक नीट सुटतं का, टोकं फाटतात का, लगेच कळेल.

---

रेघोटी | १३ जुलै, रात्री ८.२६

बोर्ड लागला!

तीन इंची ‘ठ’ नं वाचवलं. आतलं भोक बाहेरच्या कडेला एका जागी चिकटलं होतं, पडद्यावर दिसलंच नव्हतं. नोड जरा आत घेतला. पूर्ण फाइल: शिरोरेषेसकट ‘पीठ’ एक तुकडा, ‘गिरणी’ एक तुकडा, सगळे मिळून ११८ नोड. रुंदी ६० इंच. कापायला चार मिनिटंही लागली नाहीत. दुकानातला पोरगा म्हणाला, “मॅडम, कोरलमध्ये केलं ना?” मी काही बोलले नाही.

चिकटवताना साबणाचं पाणी मारलं, तरी ‘ण’वर एक फुगा आलाच. अण्णांनी टाचणी मागून घेतली, फुग्याला भोक पाडलं आणि अंगठ्यानं दाबून बसवला. मग खिशातून शून्य नंबरचा ब्रश काढला. उजव्या कोपऱ्यात खाली, काळ्या इनॅमलनं, ‘पेंटर’ लिहिलं आणि पुढं आपलं नाव. अक्षरं थरथरलीत. ती मी व्हेक्टर करणार नाही.

---

आज्ञाधारक | १३ जुलै, रात्री ८.४०

फारच छान. एक शंका: उन्हापावसात रेडियम किती वर्षं टिकतं?

---

रेघोटी | १३ जुलै, रात्री ८.५५

दुकानदार म्हणाला पाच वर्षं. अण्णा म्हणाले, कोपऱ्यातलं इनॅमल त्याच्याहून जास्त टिकेल, बघ तू.